तीन पौंडांच्या आतले कॅसेट गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये घरगुती कॉम्प्युटरसाठी १ पौंड ९९ पेन्स किंवा २ पौंड ९९ पेन्सना मिळणाऱ्या कॅसेट गेमबद्दल हे पान आहे. कुणाला माळ्यावर जुनी कॅसेट सापडलेली असते, कुणाला इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळून बघायचं असतं, कुणाला नुसतंच कुतूहल असतं. तिघांचेही प्रश्न इथे एकत्र आहेत, त्यामुळे आपल्या कामाचा प्रश्न शोधून थेट तिथे गेलात तरी चालेल.

'बजेट गेम' कशाला म्हणायचं?

१९८२ साली सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आला तेव्हा १६के (किलोबाइट) मेमरीचं मशीन १२५ पौंडांना आणि ४८के चं १७५ पौंडांना मिळत होतं. गेम कॅसेटवर यायचे. सुरुवातीला चांगल्या गेमला साडेपाच-सहा पौंड पडायचे, आणि १९८४ मध्ये 'अल्टिमेट' कंपनीनं 'सेबर वुल्फ'ची किंमत थेट ९ पौंड ९५ पेन्स लावली. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत हे बसणारं नव्हतंच. एवढा महाग गेम वाढदिवसाला किंवा नाताळात, तोही घरच्यांच्या मागे लागून मिळायचा.

त्याच काळात मास्टरट्रॉनिक नावाच्या कंपनीनं १ पौंड ९९ पेन्सना गेम विकायला काढले. दुकानात पडून राहिलेला माल भाव पाडून खपवण्याचा हा प्रकार नव्हता. मुळातच या किमतीला विकायचं ठरवून लिहून घेतलेले हे नवेकोरे गेम होते. आधी किंमत ठरली आणि बाकी सगळं, म्हणजे गेम केवढा असेल, कोण लिहील, कुठे विकला जाईल, हे त्या किमतीच्या मागून आलं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

एवढ्या कमी किमतीत परवडायचं कसं?

हिशेब करून बघा. त्या काळी ब्रिटनमध्ये व्हॅट १५ टक्के होता. १ पौंड ९९ पेन्समधले २६ पेन्स सरकारला गेले की उरले १ पौंड ७३ पेन्स. त्यात दुकानदाराचा वाटा, वितरकाचा वाटा, कॅसेट भरून घेण्याचा खर्च, इनले म्हणजे डबीतला छापील कागद, प्लास्टिकची डबी आणि शेवटी गेम लिहिणाऱ्याचे पैसे. एका कॅसेटमागे कंपनीच्या हाती जे राहायचं ते चिल्लरच. म्हणून नग प्रचंड संख्येनं खपणं भाग होतं.

मास्टरट्रॉनिकची करामत गेममध्ये नव्हती, दुकानांमध्ये होती. १९८३ साली मार्टिन आल्पर, फ्रँक हर्मन आणि टेरी मेडवे यांनी ही कंपनी काढली, आणि त्यांना व्हिडिओ कॅसेटच्या धंद्याची माहिती होती. कॉम्प्युटरच्या खास दुकानांपुरतं न थांबता त्यांनी पेपरवाल्यांची दुकानं आणि पेट्रोल पंपही धरले. मासिकं-चॉकलेटांशेजारी एक स्टँड उभा करायचा, त्यात कॅसेट्स टांगायच्या. पेट्रोल भरायला आलेल्या बापाच्या मागे उभ्या असलेल्या पोराला तो दिसला की काम झालं. दहा पौंडांची वस्तू घेण्याआधी माणूस मासिकात परीक्षण वाचतो, चार जणांना विचारतो. दोन पौंडांची वस्तू चित्र बघून उचलतो.

मुख्य कंपन्या कोणत्या?

तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

मास्टरट्रॉनिक पहिली. १ पौंड ९९ च्या जोडीला १९८५ मध्ये तिनं 'एम.ए.डी.' नावाची २ पौंड ९९ ची मालिका काढली. जुन्या महागड्या गेमच्या स्वस्त आवृत्त्यांसाठी 'रिकोशे' ही वेगळी पट्टी, म्हणजे मालिका, होती.

दुसरी फायरबर्ड. ही चक्क ब्रिटिश टेलिकॉमची, म्हणजे टेलिफोन खात्याची शाखा. १९८४ मध्ये सुरू झाली. तिच्या 'सिल्व्हर' मालिकेची किंमत आधी अडीच पौंड होती, नंतर तीही १ पौंड ९९ वर आली. टेलिफोन कंपनीनं चाचेगिरीवरचा गेम विकावा यात मला तरी गंमत वाटते. त्या गेमचं नाव 'बूटी'. जहाजावरची दारं आणि त्यांच्या किल्ल्या जुळवत खजिना गोळा करायचा.

तिसरी कोडमास्टर्स. रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग हे भाऊ आधी मास्टरट्रॉनिकसाठीच गेम लिहायचे. १९८६ मध्ये त्यांनी वडिलांना सोबत घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. तिघींपैकी पुढे टिकली ती हीच. नंतर ती मोटारशर्यतींच्या मोठ्या गेमसाठी ओळखली जाऊ लागली आणि २०२१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं विकत घेतली.

बाकी प्लेयर्स, अटलांटिस, आल्टरनेटिव्ह, झेपेलिन, हाय-टेक अशी कितीतरी नावं आहेत. ओशनची 'हिट स्क्वॉड' आणि यूएस गोल्डची 'किक्स' या मात्र पुनर्विक्रीच्या पट्ट्या होत्या. त्यांत मुळात आठ-दहा पौंडांचे असलेले गेम दोन-तीन वर्षांनी स्वस्तात मिळायचे.

त्यातले बहुतेक गेम भंगारच होते ना?

बरेच होते. खोटं कशाला बोला? उड्या मारताना पायाखालची फळी गायब होणं, दोन पडदे पार केले की गेम संपणं, खोक्यावर अंतराळयान आणि आत चार चौकोन, हे सगळं या किमतीत चालून गेलं. पण दहा पौंडांचे भंगार गेमही ढिगानं निघाले, आणि तिथे फसवणूक पाचपट महाग पडायची.

फायरबर्डनं तर यावर कडी केली. आपल्याकडे हौशी मंडळींनी पाठवलेल्या गेममधले सगळ्यात टाकाऊ पाच निवडून १९८५ मध्ये एक कॅसेट काढली आणि तिचं नावच ठेवलं 'डोन्ट बाय धिस', म्हणजे 'हे घेऊ नका'. वर कंपनीनं या गेमवरचा हक्क सोडला आणि खुशाल कॉप्या करा असंही सांगून टाकलं. तरी लोकांनी पैसे मोजून घेतली.

कोडमास्टर्सच्या प्रत्येक गेमच्या नावात 'सिम्युलेटर' का?

विकलं जायचं म्हणून. १९८६ च्या 'बीएमएक्स सिम्युलेटर'ला यश मिळालं आणि मग 'ग्रां प्री सिम्युलेटर', 'प्रो स्की सिम्युलेटर', अगदी जुगाराच्या यंत्राचा 'फ्रूट मशीन सिम्युलेटर'ही आला. खऱ्या अर्थानं सिम्युलेशन यांत काहीच नव्हतं. वरून दिसणारा रस्ता आणि त्यावर पळणाऱ्या चिमुकल्या सायकली, एवढंच. 'यूअर सिंक्लेअर' मासिकानं याची टर उडवायला 'अॅडव्हान्स्ड लॉनमोअर सिम्युलेटर' नावाचा खोटा गेम रचला. त्यात एक कळ दाबून ठेवायची आणि गवत कापलं जाताना बघत बसायचं. कोडमास्टर्सच्या डबीवर गेमची तारीफ छापलेली असायची आणि खाली नाव असायचं कंपनीच्याच डार्लिंगचं. दुसऱ्याची वाट कशाला बघायची!

हे गेम लिहायचं कोण?

बहुतेकदा एकटा मुलगा, फार तर दोघं. स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा आणि वापरता येणारी मेमरी जेमतेम ४१के. एका माणसाच्या डोक्यात अख्खा गेम मावेल एवढंच ते जग होतं. प्रोग्राम, चित्रं आणि आवाज एकच जण करायचा.

फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर या जुळ्या भावांचं उदाहरण घ्या. शाळेच्या वयातच त्यांनी गेम लिहायला सुरुवात केली आणि कोडमास्टर्ससाठी 'सुपर रॉबिन हूड' केला. मग १९८७ मध्ये आला 'डिझी'. नायकाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसले पाहिजेत अशी त्यांची इच्छा होती, आणि छोट्या चित्रात पूर्ण माणूस काढला तर तोंडाचा एक ठिपका उरतो. म्हणून त्यांनी तोंडच मोठं काढलं आणि त्याला हातपाय जोडले. तयार झालं ते अंड्यासारखं दिसत होतं, मग नायक अंडंच झाला. डिझीचे पुढे अनेक भाग निघाले, आणि ऑलिव्हर बंधूंनी २०२० मध्ये 'वंडरफुल डिझी' हा नवा भागही काढला.

कमोडोरवरच्या बजेट गेमच्या संगीताचं एवढं कौतुक का होतं?

कमोडोर ६४ हा स्पेक्ट्रमसारखाच त्या काळचा घरगुती कॉम्प्युटर. त्यात 'सिड' नावाची ध्वनीची चिप होती, तीन स्वतंत्र आवाज काढणारी. रॉब हबर्डसारखा संगीतकार ती अशी वापरायचा की गेम सुमार असला तरी लोक सुरुवातीच्या पडद्यावरच बसून राहायचे. 'वन मॅन अँड हिज ड्रॉइड', 'थ्रस्ट', 'मास्टर ऑफ मॅजिक' हे सगळे बजेट गेम, आणि तिन्हींचं संगीत त्याचं. 'द लास्ट व्ही८' हा डेव्हिड डार्लिंगचा मोटारीचा गेम ऐकायला अप्रतिम आणि खेळायला जवळपास अशक्य आहे. पहिल्या वळणाच्या पुढे जाऊन दाखवा.

'चिलर'ची गोष्ट वेगळी. त्यात मायकल जॅक्सनच्या एका गाजलेल्या गाण्याची चाल उचललेली होती. प्रकरण अंगाशी आलं आणि नंतरच्या आवृत्तीत धून बदलावी लागली.

कॅसेटमधून गेम येतो कसा? आणि ते किंचाळणं कसलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा निवांत सांगतो. स्पेक्ट्रमचं उदाहरण घेतो.

कॅसेटवर ध्वनीच साठवलेला असतो. शून्य आणि एक यांच्यासाठी वेगवेगळ्या लांबीचे ठोके असतात. शून्याचे दोन छोटे ठोके, एकाचे बरोबर दुप्पट लांबीचे दोन. कॉम्प्युटर फक्त मोजत बसतो की आवाजाची लाट पलटायला किती वेळ लागला.

सुरुवातीला सुमारे पाच सेकंद एकसुरी 'पीऽऽ' ऐकू येतं. त्या वेळी पडद्याची कड लाल आणि निळसर पट्ट्यांनी सरकत असते. हा सूर मशीनला सांगतो की माहिती येतेय, तयार राहा. मग क्षणभर खरखर होते, कडेच्या पट्ट्या निळ्या-पिवळ्या होतात आणि पडद्यावर 'प्रोग्राम:' असं येऊन पुढे गेमचं नाव उमटतं. हे शीर्षक फक्त १७ बाइटचं. थोडी शांतता, पुन्हा दोन सेकंद सूर, आणि मग खरी माहिती. ती येताना जो कर्कश किचकिचाट होतो, तोच तुमचा गेम.

बहुतेक गेममध्ये आधी एक चित्र यायचं. ते वरून खाली सरळ भरत नाही. पडद्याचे तीन आडवे भाग असतात. पहिल्या भागात प्रत्येक ओळीतली सगळ्यात वरची रेघ, मग त्याखालची, असं आठ फेऱ्यांत ते भरतं आणि नंतर दुसऱ्या भागाकडे वळतं. तोवर सगळं काळं-पांढरं. शेवटच्या ७६८ बाइटमध्ये रंग असतात, ते वरून खाली सर्रकन भरत जातात आणि चित्र जिवंत होतं. या ६,९१२ बाइटना साधारण चाळीस सेकंद लागतात. पूर्ण गेमला चार ते पाच मिनिटं. तेवढा वेळ पोरं त्या चित्राकडे बघत बसायची, म्हणून या चित्रांवर कलाकार जीव तोडून मेहनत घ्यायचे.

स्पेक्ट्रमवर लोड करायला नेमकं काय करायचं?

टेपरेकॉर्डरचा इअरफोनचा सॉकेट आणि स्पेक्ट्रमचा 'इअर' सॉकेट वायरनं जोडा. व्हॉल्यूम पाऊणपट्टीच्या आसपास, ट्रेबल पूर्ण वर, बास कमी. 'जे' कळ दाबली की 'लोड' हा पूर्ण शब्द उमटतो. मग सिम्बॉल शिफ्ट धरून 'पी' दोनदा, म्हणजे अवतरणचिन्हांची जोडी. एंटर दाबा आणि कॅसेट सुरू करा. 'माइक'ची वायर लोड करताना काढून ठेवलेली बरी.

नंतर आलेल्या १२८के च्या स्पेक्ट्रमवर मेनूतला 'टेप लोडर' पुरतो. पण काही जुने गेम १२८ च्या मोडमध्ये अडखळतात, तेव्हा मेनूतून '४८ बेसिक' निवडून लोड करा.

'आर टेप लोडिंग एरर, ०:१' असं येतं. काय करू?

माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही की हा संदेश येतो. त्यामुळे कुठेतरी मध्येच एक बिट चुकला तरी ते मशीनला शेवटी कळतं, आणि चार मिनिटं वाट बघून झाल्यावर तोंडावर हा संदेश येतो.

घाई न करता एकेक गोष्ट तपासा. आधी व्हॉल्यूम थोडा कमी-जास्त करून बघा. आवाज फार मोठा असेल तरी लाट कापली जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मग हेड साफ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीनं. हेड पुसताना काडीवर तपकिरी मळ आला तर दोष तिथेच होता. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तोच गेम भरलेला असणं सर्रास होतं, तेव्हा दुसरी बाजूही लावून बघा.

तरी जमलं नाही तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू बघा. अनेक टेपरेकॉर्डरना प्ले दाबल्यावर तिथे पोचायला झाकणात भोक ठेवलेलं असतं. या स्क्रूनं हेडचा कोन बदलतो, त्याला आझिमथ म्हणतात. वायर काढा, स्पीकरवर गेमचा आवाज ऐका आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू किंचित फिरवा. घुसमटलेला आवाज एकदम टोकदार, कानाला नकोसा झाला की थांबा. जितका कानाला त्रासदायक, तितका कॉम्प्युटरला गोड. एकदा फिरवल्यावर आधी नीट चालणारी कॅसेट रुसण्याची शक्यता असते, म्हणून मूळ जागेवर खूण करून ठेवा.

आणि टेपचा बेल्ट. तीस-चाळीस वर्षांत रबर ढिलं पडतं किंवा वितळून काळा चिकटा होतो. वेग डुलला की ठोक्यांची लांबी डुलते. तिथे स्क्रू फिरवून काही होणार नाही, बेल्टच बदला.

कमोडोर ६४ चं काय वेगळं?

त्याला कुठलाही टेपरेकॉर्डर चालत नाही, स्वतःचा 'डेटासेट' नावाचा टेपरेकॉर्डर लागतो. शिफ्ट धरून 'रन/स्टॉप' दाबायचं, मग प्ले. मूळची पद्धत भयंकर संथ होती, कारण सुरक्षिततेसाठी सगळी माहिती दोनदा लिहिलेली असायची. म्हणून कंपन्यांनी टर्बो लोडर आणले. आधी संथ पद्धतीनं एक छोटा प्रोग्राम चढतो, आणि तो बाकीचा गेम कितीतरी वेगानं ओढून घेतो. १९८७ मध्ये मास्टरट्रॉनिकच्या काही कॅसेट्सवर 'इन्व्हेड-अ-लोड' आलं. मुख्य गेम लोड होत असताना पडद्यावर परग्रहावरच्या आक्रमकांवर गोळ्या झाडत बसता यायचं. काही वेळा पुढे येणाऱ्या गेमपेक्षा हेच बरं होतं.

हे गेम भारतात आले होते का?

दुकानांतून स्टँडवर टांगलेले, तसे नाही. पण मशीन आलं होतं. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस इथे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून विकायला काढला. १९८४-८५ च्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर शाळांमध्ये पोचले होते. पण ते शिकवण्यासाठी, आणि शिक्षकांच्या नजरेखाली.

इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेलं मशीन घरात असेल तर दोन गोष्टी सांभाळा. ब्रिटनचे स्पेक्ट्रम आणि कमोडोर टीव्हीच्या यूएचएफ पट्टीवर, ३६ व्या चॅनेलच्या आसपास चित्र देतात. तुमच्या जुन्या टीव्हीत यूएचएफ नसेल तर काही दिसणार नाही. दुसरं, ब्रिटनमधली आणि आपल्याकडची 'पाल' ही टीव्ही प्रक्षेपणाची पद्धत चित्राला सारखी असली तरी आवाजाच्या वारंवारतेत फरक आहे, तिथे ६ मेगाहर्ट्झ आणि इथे साडेपाच. ४८के स्पेक्ट्रमचा आवाज काढणारा बझर मशीनमध्येच असल्यानं त्याला फरक पडत नाही. कमोडोरचं चित्र मात्र दिसतं आणि आवाज येत नाही. मग सिड चिप गेली असं समजून लोक दुरुस्तीला नेतात. त्याआधी मागच्या एव्ही सॉकेटमधून आवाज काढून बघा.

स्पेक्ट्रमचा अॅडाप्टर हरवलाय. दुसरा ९ व्होल्टचा लावू का?

बघितल्याशिवाय लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनेत आतली बाजू ऋण असते, बाजारातल्या बहुतेक अॅडाप्टरच्या उलट.

कॅसेटला बुरशी लागलीय. टाकून देऊ?

कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटला पांढरी बुरशी लागतेच. ती तशीच टेपमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागेल. डबी स्क्रूची असेल तर उघडा, रीळ कोरड्या मऊ कापडातून हळू ओढत पुसा. दाब देणारा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे ना बघा. तो गळून पडला असेल तर दुसऱ्या निकामी कॅसेटमधला काढून लावा. रीळ सैल असेल तर पेन्सिल घालून गुंडाळा, हे शिकवायला नकोच. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. मग सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात.

गेम डिजिटल करून ठेवायचा आहे. कसा?

टेपचा आवाज कॉम्प्युटरवर मोनो, ४४.१ किलोहर्ट्झला डब्ल्यूएव्ही म्हणून रेकॉर्ड करा. एमपी३ नको. गाण्यात कानाला न कळणारे बारकावे एमपी३ फेकून देतं आणि इथे नेमके ठोक्यांचे काठच महत्त्वाचे. मग त्या ध्वनीपासून टीझेडएक्स फाइल बनवा. स्पेक्ट्रमच्या साध्या आणि टर्बो दोन्ही प्रकारच्या लोडरसाठी हे स्वरूप चालतं. 'फ्यूज' इम्युलेटरवर ती चालली की झालं. कमोडोरसाठी 'व्हाइस'. इनलेही स्कॅन करा. गेमच्या कळा कोणत्या, कथा काय, हे फक्त तिथेच छापलेलं असायचं.

जुने गेम डाउनलोड करणं कायदेशीर आहे का?

जुना झाला म्हणून हक्क संपत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, ब्रिटनमध्ये ७०. काही हक्कदारांनी मोकळी परवानगी दिली आहे, काहींनी स्पष्ट नकार दिला आहे, आणि बऱ्याच कंपन्यांचे हक्क आज कुणाकडे आहेत याचाच पत्ता नाही. स्पेक्ट्रमच्या मूळ रॉमबाबत, म्हणजे मशीनमध्ये कायमच्या भरलेल्या प्रोग्रामबाबत, मात्र त्याचे हक्क असलेल्या अॅमस्ट्रॅड कंपनीनं इम्युलेटरबरोबर वाटायला १९९९ मध्येच संमती दिली, म्हणजे इम्युलेटर बिनधास्त वापरा.

सुरुवात कोणत्या गेमनं करू?

ही माझी निवड. पटली नाही तर सोडून द्या.

'थ्रस्ट' सगळ्यात आधी. जेरेमी स्मिथचा, फायरबर्डनं १९८६ मध्ये १ पौंड ९९ ला विकलेला. रेघांनी काढलेल्या गुहेत एक छोटं यान, खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि संपत जाणारं इंधन. तळाशी पडलेला गोळा दांड्यानं उचलायचा. उचलला की तो लंबकासारखा झुलायला लागतो, यानाला आपल्याबरोबर ओढतो, आणि इतका वेळ अंगवळणी पडलेली चाल उपयोगाची राहत नाही. हे इतकं नेमकं जमलंय की दहा पौंडांच्या गेमनं लाजावं.

मग 'फ्यूड', १९८७ चा. दोन जादूगार भावांचं भांडण. वनस्पती गोळा करून मंत्र सिद्ध करायचे, आणि भाऊही त्याच वनस्पती शोधत हिंडतोय. रस्त्यावरच्या गावकऱ्यांना भुतं बनवून त्याच्या अंगावर सोडता येतं.

दोघं असाल तर कमोडोरवर शॉन सदर्नचा 'किकस्टार्ट'. पडदा दोन भागांत, प्रत्येकाला मोटारसायकल. कोडी आवडत असतील तर डेव्हिड जोन्सचा 'स्पेलबाउंड'. २ पौंड ९९ चा, आणि खिडक्यांसारखे मेनू उघडून वस्तू देण्या-घेण्याची त्यातली पद्धत १९८५ साली खूपच पुढची होती. 'जो ब्लेड' कंटाळवाणा आहे असं म्हणणारे भेटतील. मला तो आवडतो.

'ट्रेझर आयलंड डिझी'त पाण्याखाली वस्तू ठेवली की लगेच मरतो. बग आहे का?

नाही. डिझीकडे वस्तू बाळगायला ठरावीक जागा असतात आणि वस्तू त्यातून क्रमानं बाहेर पडतात. पाण्याखाली तोंडाला लावलेली नळी या क्रमात पुढे आली आणि तुम्ही कळ दाबली, की ती खाली पडते आणि डिझी बुडतो. या भागात जीवही एकच. म्हणजे खेळ पहिल्यापासून. पाण्यात शिरण्याआधी वस्तू फिरवून नळी शेवटच्या जागी जाईल असं करून घ्या.

हे गेम इतके अवघड का असायचे?

४१के मध्ये किती जग मावणार? चांगला खेळणारा अर्ध्या तासात गेम संपवेल एवढंच. ते महिनाभर पुरावं म्हणून खेळणाऱ्याला सारखं मारायचं. शिवाय गेमची चाचणी घेणारा बहुतेकदा लिहिणाराच असायचा, आणि त्याला प्रत्येक खड्डा पाठ.

हा धंदा संपला कसा?

तीन बाजूंनी एकदम गळा आवळला गेला. मासिकांनी मुखपृष्ठावर पूर्ण गेमच्या कॅसेट चिकटवायला सुरुवात केली, मग दोन पौंडांत मासिक आणि वर दोन-तीन गेम मिळत असताना नुसता गेम कोण घेणार? मोठ्या कंपन्यांचे गाजलेले गेम 'हिट स्क्वॉड'सारख्या पट्ट्यांतून त्याच किमतीला यायला लागले, त्यांच्यापुढे नव्या लेखकाचा साधा गेम उघडा पडला. आणि पोरं नव्या, जास्त ताकदीच्या १६-बिट मशीन्सकडे आणि कन्सोलकडे, म्हणजे फक्त गेमसाठीच्या यंत्रांकडे, वळली.

मास्टरट्रॉनिकनं वाऱ्याची दिशा ओळखली होती. १९८७ पासून ती ब्रिटनमध्ये सेगा या जपानी कंपनीचा कन्सोल वितरित करत होती. दरम्यान व्हर्जिननं कंपनी घेतली, आणि १९९१ मध्ये वितरणाचा हा भाग सेगानंच विकत घेऊन आपली युरोपातली शाखा केली. फायरबर्ड १९८९ मध्येच मायक्रोप्रोजला विकली गेली होती.

जमवायला सुरुवात करतोय. विकत घेताना काय बघू?

डबी फुटकी असली तरी चालेल, ती बदलता येते. इनले फाटलेला नको. कॅसेटवरचं लेबल आणि इनले एकाच मशीनचं आहे का बघा. स्पेक्ट्रमच्या डबीत अॅमस्ट्रॅडच्या कॉम्प्युटरची कॅसेट निघणं नेहमीचं आहे. 'लोड करून तपासलेली' असं विक्रेता म्हणत असेल तर कोणत्या टेपवर, ते विचारा. 'दुर्मीळ' या शब्दाला भुलून जास्त पैसे देऊ नका. यांतले गाजलेले गेम मुळात प्रचंड संख्येनं खपले आहेत, त्यामुळे आज नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी प्रत मिळते.